धामणीचा तास

शाळेत साप न्यायचा तर आधी हेडमास्तरांना गाठावं लागे. मी गावच्या दूध सोसायटीत सचिव होतो. सकाळचं दूध घ्यायचं, फॅट काढायची, कॅन टेम्पोत चढवून दिले की नऊ-साडेनऊला मोकळा. मग लुनाच्या मागं लाकडी पेटी आवळायची आणि शेजारच्या कुठल्यातरी गावची शाळा गाठायची. शनिवार बरा पडायचा, कारण सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास गुरुजींनाही नकोच असायचा. हेडमास्तर आधी पेटीकडं बघायचे, मग माझ्याकडं. "कुणाला चावलंबिवलं तर?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न खालच्या आवाजात, "पण नाग फणा काढतो ना?"

पोरांपेक्षा गुरुजींनाच जास्त बघायचं असायचं, हे मी चौदा वर्षांत पक्कं ओळखलं. १९८७ ते २००१. वारणेच्या आणि मोरणेच्या काठच्या, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरच्या, मिळून किती शाळा झाल्या ते मोजलं नाही. पोरामागं पन्नास पैसे, पुढं रुपया झाला. काही ठिकाणी नारळ आणि चहा. वस्तीशाळेवर तर गुरुजीच खिशातले वीस रुपये द्यायचे, ते मी कधी घेतले, कधी नाही.

आमच्या भागात पोरांना साप नवा नव्हता, हे आधी सांगायला हवं. आमचं गाव बत्तीस शिराळ्यापासून सायकलवर तासाभराच्या वाटेवर. शिराळ्याची नागपंचमी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पंचमीच्या आधी तीन-चार आठवडे मंडळांची पोरं काठ्या घेऊन बांध-ओढे पालथे घालायची, नाग धरायची, गाडग्यात ठेवून तोंडाला फडकं बांधायची. पंचमीला घरोघरी पूजा, अंबामातेचं दर्शन, मिरवणूक, आणि मग जिथला नाग तिथं नेऊन सोडायचा. गोरखनाथ भिक्षेला आले तेव्हा महाजनांच्या घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, भिक्षा घालायला उशीर झाला, म्हणून नाथांनी मातीचाच नाग जिवंत केला, अशी कथा सांगतात. मीही माझ्या थोरल्या चुलत्याबरोबर लहानपणी गाडगं धरून चाललेलो आहे. शेपटी कशी धरायची, काठी कुठं लावायची, नाग वळला की आपण किती वळायचं, हे मला चुलत्यानं शिकवलं. पुस्तकातून नाही.

पण नागाची पूजा वेगळी आणि सापाची माहिती वेगळी. पंचमीचा नाग देव. बाकी वर्षभर घरात निघालेलं जनावर म्हणजे काठी आणि रॉकेल. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असं माझी आई मरेपर्यंत म्हणायची. आणि मी रोज दोन वेळा शेकडो लिटर दूध मोजणारा माणूस, मी तिला कधी पटवू शकलो नाही. मांडूळ दोन तोंडांचा. नाग डूख धरतो. मारलेल्या सापाच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो उतरतो. शाळेत त्याआधी साप यायचा तो गारुड्याच्या वेताच्या करंडीतून. पुंगी, मुंगूस, ताईत. त्या नागाचे दात पाडलेले असायचे, नाहीतर तोंडच शिवलेलं. पुढच्या रांगेतली पोरं चड्डी सावरत मागं सरकायची आणि शेवटी गारुडी सव्वा रुपयाला मुळी विकायचा. सापाबद्दल एवढंच शिक्षण.

मी ह्यात कसा पडलो त्याला कारण माझी धाकटी चुलती. १९७८ चा आषाढ. भाताची लावण चाललेली, बायका दिवसभर चिखलात. रात्री चुलती सोप्यात घोंगड्यावर झोपली. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली. बाहेरचं काही खाल्लं असंल म्हणून सासूनं ओवा दिला. थोड्या वेळानं तिच्या पापण्याच उघडेनात. जीभ जड झाली. मग कुणीतरी कंदील घेऊन घोंगडं झटकलं, तर खाली काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं मण्यार. मण्यार चावल्याचं कळतसुद्धा नाही, सूज नाही, आग नाही. आता हे मी डोळे झाकून सांगतो, तेव्हा माहीत नव्हतं. चुलतीला मारुतीच्या देवळात नेलं. शेजारच्या गावचा विष उतरवणारा आला. लिंबाचा पाला खायला दिला, कडू लागतोय का विचारलं. ती बोलूच शकत नव्हती. देवळासमोर दुधाचा टेम्पो उभा होता, ड्रायव्हर आत बसून बिडी ओढत होता. त्याला कुणी काही म्हटलं नाही, मीही नाही. मी अठरा वर्षांचा होतो, आणि साप धरता येतो म्हणून गावात छाती काढून फिरत होतो. दहाच्या सुमाराला ती गेली.

दोन वर्षांनी पेपरात वाचलं की पुण्यात नीलिमकुमार खैरे नावाचा तरुण काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसला. गावात त्यावर पैजा लागल्या. साप उगाच चावत नाही, हे दाखवायला तो बसला होता म्हणे. पुढं १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान झालं. मी सोसायटीतून रजा काढून गेलो, चार दिवस नातलगाकडं राहिलो आणि रोज काचेला नाक लावून उभा राहिलो. प्रत्येक सापाखाली पाटी. विषारी, निमविषारी, बिनविषारी. आपल्या चुलत्याला सगळे साप धरता येत होते, पण त्यांतल्या निम्म्यांची नावं येत नव्हती, हे मला तिथं कळलं. माझी पेटी त्या चार दिवसांनंतरची.

पेटीत पाच-सहा कापडी पिशव्या, आईनं लुगड्याच्या धडप्यांच्या शिवलेल्या. एकीत धामण. एकीत कवड्या. एकीत डुरक्या घोणस, एकीत खरी घोणस. पाणदिवड असली तर असली. नागाचं गाडगं वेगळं. हे सगळे लोकांनी बोलावल्यावर घरातनं, परड्यातनं धरलेले. आठ-पंधरा दिवस ठेवायचे आणि रानात सोडायचे.

व्हरांड्यात पोरं मांडी घालून बसायची. पुढं फक्कीची जाड रेघ. पहिल्यांदा मी सापाची कात काढायचो आणि पहिल्या रांगेत द्यायचो. कात हातोहात मागं जायची. कुणी वास घ्यायचं, कुणी डोळ्यांना लावून पलीकडचं बघायचं. भीतीचा पहिला पदर तिथंच सुटायचा. मग कवड्या आणि मण्यारीचं चित्र. कवड्याचे पट्टे मानेपासनं सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे मान सोडून थोडं मागनं सुरू होतात आणि जोडीजोडीनं शेपटीपर्यंत जातात. हे मी प्रत्येक शाळेत तीन-तीनदा वदवून घ्यायचो. ऐकणाऱ्याला वाटत असंल माणूस पाढे म्हणून घेतोय. मला मात्र दर वेळी ते झटकलेलं घोंगडं दिसायचं.

नाग काढला की आवाज बंद. मी त्याच्यासमोर हातरुमाल हलवायचो, मग तसाच उभा राहून तोंडानं शिट्टी वाजवायचो. शिट्टीला तो ढिम्म. म्हणजे गारुड्याचा नाग पुंगीच्या सुरावर नाही डोलत, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून डोलतो. हे पोरांना पटकन कळायचं. गुरुजी मान हलवायचे, पण त्यांना मण्याबद्दल विचारायचं असायचं.

प्रश्न तेच. साप दूध पितो का? नाही. मग पंचमीला वाटीतलं दूध कमी कसं होतं? एका पोरीनं उत्तर दिलं होतं, "मांजर पितंय, मी बगितलंय." त्याच्याइतकं चांगलं उत्तर मला कधी देता आलं नाही, पुढं मी तेच सांगत राहिलो. दुसऱ्या एकानं विचारलं, साप झोपल्यावर डोळे मिटतो का. सापाला पापण्याच नसतात म्हटल्यावर पोरगं बराच वेळ माझ्याकडं बघत राहिलं. म्हणालं, "मग त्याला कुणी रागवत आसंल तर?" मला अजून कळलेलं नाही त्याला काय म्हणायचं होतं.

शेवटी धामण. सहा-साडेसहा फुटांची, पिवळसर, सुंदर जनावर. बिनविषारी, आणि रानातले उंदीर खाणारी म्हणून शेतकऱ्याची सोबतीण. एकेक रांग उभी करायची, धामण माझ्या हातात, तोंड माझ्या मुठीत, आणि पोरांनी हात लावत पुढं जायचं. "गार हाय!" "चिकट न्हाई रं!" हा आवाज मी कितीही वेळा ऐकला तरी मला कंटाळा आला नाही. भित्री पोर डोळे मिटून एक बोट टेकवायची, आणि परत रांगेत उभी राहायची. बाई म्हणून नेमणुकीवर आलेल्या शहरातल्या शिक्षिका हात लावायच्या तेव्हा तर टाळ्या पडायच्या. शाळा त्याला धामणीचा तासच म्हणायला लागल्या होत्या. परिपाठात लिहायच्या फळ्यावर तसं लिहिलेलं मी पाहिलंय.

१९९३ च्या सुगीत, भातं निघाली होती, आमच्या पलीकडच्या गावचा माणूस रात्री दूध सोसायटीत आला. त्याचं चौथीतलं पोरगं खळ्यावर पेंढ्या रचायला मदत करत होतं. पेंढीखालनं साप निघाला. जाड, आखूड, अंगावर तपकिरी ठिपके. थोरली माणसं मागं झाली. पोरगं म्हणालं, "डुरक्या हाय. बिनविषारी. सापवाल्या काकांनी दावलाय." आणि उचलला.

डुरक्या घोणस आणि घोणस मी शेजारी शेजारी दाखवायचो, हे खरं. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे ठिपक्यांचे तीन पट्टे, डोकं त्रिकोणी, मानेपासनं वेगळं दिसणारं, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, शेपूट बोथट, आखूड. फरक सांगायचो आणि लगेच डुरक्या तळहातावर घेऊन फिरवायचो. नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय राहील? ठिपके राहतील का हात राहील?

अंगठ्याला चावली. आता पुढचं मी त्या माणसाच्या तोंडून ऐकलंय तसं सांगतो. पोराला उचलून देवळाकडं न्यायला निघाले. पोरगं रडत ओरडायला लागलं, "देवळात नगं, दवाखान्यात. काकांनी सांगितलंय, सुई दवाखान्यातच आसती." आजी म्हणाली, लहान पोराचं काय ऐकताय. बाप थांबला. जीप मिळवली. आणि जाण्याआधी त्यानं सुतळीनं अंगठ्याचं बूड आणि मनगट करकचून आवळलं, कारण तेही पोरानंच सांगितलं. तेही मीच शिकवलेलं. त्या काळात आम्ही सगळे आवळपट्टी सांगायचो. पुस्तकांत होतं, शाळेच्या प्रथमोपचाराच्या धड्यात होतं. पुढं डॉक्टरांनी ते सोडायला सांगितलं. घट्ट आवळलं की रक्त थांबतं आणि मांसच मरतं, घोणशीच्या चाव्यात तर फारच. हात हलवू नये, आधार द्यावा, घाबरवू नये, आणि सरळ दवाखाना. हे कळायला आम्हाला उशीर झाला.

तालुक्याच्या दवाखान्यातून कराडला. मी रात्री मिळेल त्या गाडीनं तिथं पोचलो. पोराच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत उभं करून ठेवलं होतं आणि घड्याळ बघत होते. वीस मिनिटांनी नळी कलती केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठत नव्हतं. प्रतिविषाच्या आणखी बाटल्या चढवल्या. ते औषध घोड्याच्या रक्तातून तयार होतं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच चालतं, मुंबईच्या हाफकिनमध्ये बनतं. हे सगळं मी शाळेत सांगायचो, बाटलीचं चित्र काढून. प्रत्यक्ष बाटली मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिली. तिसऱ्या वेळी नळी कलती केली तेव्हा रक्त जागेवर राहिलं. डॉक्टरांनी ती मलाही दाखवली.

पोरगं वाचलं. अंगठ्याचं वरचं पेर गेलं. विषानं गेलं की सुतळीनं, हे त्यांनाही नेमकं सांगता आलं नाही.

बाप मला एका शब्दानं बोलला नाही. उलट हात जोडले, म्हणाला, "तुमच्यामुळं देवळात न्हाई नेलं." त्याची आई व्हरांड्यात बसली होती. ती म्हणाली, "आन हात लावायला कुणी शिकीवलं?" दोघांचंही खरं होतं. मी चहा आणतो म्हणून बाहेर गेलो तो एसटी स्टँडवर जाऊन बसलो.

पेटी आठ-नऊ महिने माळ्यावर पडली. परत काढली ती एका हेडमास्तरांच्या आग्रहानं, पण हात लावणं बंद केलं. डुरक्या तर पेटीतच ठेवला नाही. नवा प्रश्न सुरू केला. दोन चित्रं धरायची, ह्यातली घोणस कुठली? अर्धे हात इकडं, अर्धे तिकडं. मग विचारायचं, ओळखता आलं न्हाई तर? सुरुवातीला कुणीच बोलायचं नाही. शाळेत 'माहीत नाही' ह्या उत्तराला मार्क नसतात ना. दोन-तीन शाळांनी नंतर बोलावणंच बंद केलं. पोरांना मजा येत नाही म्हणाले.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी त्या काळात कुणाला सांगितली नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात एका आठवड्यात सहा शाळा केल्या. धामण पिशवीतून काढली तर नाकाडापुढचं कातडं सोललेलं. पेटीत घासून घासून. उंदीर ठेवला तर खाईना. शेवटच्या शाळेत ती फारशी हललीच नाही, गुरुजी म्हणाले, "किती गरीब आहे हो!" घरी आलो, पिशवी उघडली, ती मेली होती. लुनाच्या मागं, उन्हात. पोरांना शेतकऱ्याची सोबतीण म्हणून जिची ओळख करून देत होतो, तिला मी पेटीत घालून मारली. परड्यात पुरली. आईनं विचारलं, काय पुरतोयस. कचरा, म्हटलं.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. मी पहिली पेटी बांधली तेव्हा तो पंधरा वर्षांचा झाला होता, आणि आम्हाला, हेडमास्तरांना, गटशिक्षणाधिकाऱ्यांना, कुणालाच साप बाळगायला, दाखवायला परवानगी लागते हे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. २००१ च्या पावसाळ्यात वनखात्याचे गार्ड सोसायटीत आले. ओळखीचेच, सोसायटीचे गिऱ्हाईक. चहा घेतला आणि म्हणाले, "नाना, आता बंद करा. वरनं आलंय. परत दिसलं तर मला केस करावी लागंल." मला वाटलं होतं मी भांडेन. मी पेटी दिली, गाडग्यातला नाग त्यांच्यासमोर ओढ्याला सोडला. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. पुढं शिराळ्यातही न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागाची पूजा थांबली, आता प्रतिमेची होते. त्यावर शिराळ्यात काय वाटतं ते मला माहीत आहे, माझी निम्मी सोयरीक तिथली. जुनी माणसं म्हणतात, आमच्या पोरांची नागाची ओळखच तुटली. तेही खोटं नाही. आता आमच्या गावात पोरं साप दिसला की मोबाइल काढतात, आणि सर्पमित्र म्हणवणारी काही पोरं तो गळ्यात घालून फोटो काढतात. तो फोटो बघितला की मला माझाच तळहात दिसतो.

मी अजून शाळेत जातो, बोलावलं तर. आता सोबत चित्रांचे तक्ते, एक जुनी कात आणि नातवाचा लॅपटॉप. पोरं पहिल्यांदा विचारतात, "खरा आणलाय का?" नाही म्हटलं की निम्म्यांचं लक्ष खिडकीबाहेर.

गेल्या वर्षी त्या पलीकडच्या गावच्या शाळेत गेलो होतो. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून जो पुढं आला तो तोच. आता केस पिकायला लागलेत, दोन पोरं, उसाची वाहतूक करतो. माझ्या पाया पडला. हजेरीच्या कागदावर सही करताना पेन पहिल्या दोन बोटांत धरला होता. मी तक्ते लावत होतो, तर म्हणाला, "नाना, तुम्ही बसा. आज मी सांगतो." आणि पोरांसमोर मांडी घालून बसला आणि खळ्यापासून सुरुवात केली. पेंढी, साप, मी डुरक्या म्हटलो, उचलला. पोरं पुढं सरकली. काचेच्या नळीपर्यंत आला तेव्हा खिडकीबाहेर बघणारं कुणी नव्हतं. सुतळीचंही सांगितलं, आणि ती बांधू नका म्हणूनही सांगितलं. कुणी शिकवली होती ते मात्र गाळलं.

मग त्यानं हात पुढं केला. पहिल्या रांगेतली एक पोरगी अंगठ्याकडं बघत राहिली.

"हात लावू?" तिनं विचारलं.

"लाव की," तो म्हणाला.

ती उठली, आणि तिच्यामागं सगळी रांग.